नदीवरून चालत आलेला माणूस

परंदवडी
ता. १२ डिसेंबर १९२०

रतनवहिनींस महिपतीचा नमस्कार.

वर सौभाग्यवती लिहावं की काय लिहावं, यात दोन कागद वाया गेले. शेवटी नुसतं नाव लिहिलं. राग मानू नये.

तुम्ही लोणावळ्यात आहात हे कोंडाजीकडून कळलं. तो तिथं रेल्वेच्या गँगवर लागला आहे. वळवणच्या धरणाजवळ एका पारशीणबाईंच्या बंगल्यात तुम्ही धुण्याभांड्याला जाता, शालू बरी आहे, आणि तुमच्याबरोबर जो होता तोही आहे, इतकं त्यानं सांगितलं. तुम्हाला आलेलं पत्र शाळेतल्या बाई वाचून दाखवतील असंही म्हणाला. त्या बाईंनाही नमस्कार. परक्या माणसाच्या तोंडून जायचं म्हणून थोडक्यात लिहितो.

माझी बयाबाई गेली. तुम्ही गाव सोडलंत त्याच्या तिसऱ्या दिवशी. तीही मानमोडीच्या तापानंच. आता घरात मी एकटा. तुमच्या खोलीला हात लावलेला नाही. उतरंड आहे तशी आहे, शालूचं टोपडं खुंटीवर आहे.

दोन वर्षांत गावात त्या गोष्टीचं बोलणं कमी झालंय, थांबलेलं नाही. भिमाजी देवऋषी अजून सांगतो की त्या दिवशी नथूदादा आला नाही, नथूचं मढं आलं. साथीत नदीवर लाकडं संपली, मढी करंजाखाली ठेवावी लागली, ती उघड्यावर राहिली म्हणून शिवेवरच्या वेताळाला वाट मिळाली आणि तो दादाच्या अंगात शिरला, असं त्याचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी लाकडं घेऊन गेलो तेव्हा पाच होती आणि दादा नव्हता. तरसानं ओढून नेला असं आम्ही समजलो. तिसऱ्या दिवशी भर दुपारी तो खळ्यापर्यंत चालत आला. अंगावर तेच कापड, कपाळाला बुक्का, हात लोंबतायत, पापणी हलत नाही. येऊन उभा राहिला तो उभाच. बाया पोरं घेऊन आत पळाल्या. भिमाजीनं सांगितलं, त्याला नावानं हाक मारू नका, पाणी देऊ नका, आपोआप माघारी जाईल. तुम्ही मात्र जाऊन त्याचा हात धरलात आणि सगळ्यांसमोर मला विचारलंत, "भावजी, ह्यो तुमचा दादा हाय का न्हाई?"

मी जे उत्तर दिलं तेच त्या घटकेला सगळं गाव देत होतं. त्यावर जास्त काय लिहू.

दादाचा दहावा-तेरावा मी करून घेतला. तो करावा लागला. हे तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा मी कळवलेलं बरं.

कोंडाजीबरोबर तांदळाचं पोतं देतोय. आपल्या ओढ्याकाठच्या खाचरातला आंबेमोहर आहे. शालूला भात आवडायचा.

महिपती


परंदवडी
ता. ३ मार्च १९२२

सौभाग्यवती रतनवहिनींस,

पोतं शिवण न उसवता परत आलं. कोंडाजी ते ओसरीवर टाकून गेला. मी समजलो. वर्षभर पुन्हा लिहिलं नाही.

आज लिहितो ते वेगळ्या कारणानं. मागच्या सोमवारी मी लोणावळ्याला आलो होतो. तुम्हाला भेटलो नाही. स्टेशनाच्या खालच्या अंगाला रेल्वेच्या खडीचा ढीग आहे, तिथं उभ्या डब्यांच्या आडोशाला सकाळपासून दुपारपर्यंत उभा होतो.

दादाला पाहिलं. पन्नासएक माणसं खडी फोडत होती. बाकीची बोलत होती, तंबाखू मळत होती. दादा एकटाच एका लयीत फोडत होता. मान वळत नव्हती, तोंडावर माशी बसली तर हात उठत नव्हता. तिथली माणसं त्याला मुडदा म्हणतात. मी मुकादमाला वाटसरूसारखं विचारलं, हा गडी कसा आहे. तो म्हणाला, "ह्याच्यासारका गडी न्हाई. बस म्हटलं की बसतो, फोड म्हटलं की फोडतो. थांब म्हनायचं इसरलं तर जेवायबी उठत न्हाई." एकदा सगळे जेवायला गेले आणि हा तसाच फोडत राहिला, हाताची सालं निघाली तरी थांबला नाही, हे त्यानं हसत सांगितलं. वहिनी, लहानपणी चार ढेकळं फोडली की दादा करंगळी दाखवून बांधावर पळायचा.

मग तुम्ही आलात. तुम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवून "पुरं" म्हणालात आणि तो थांबला. हातोडा तुम्ही त्याच्या मुठीतून एकेक बोट सोडवून काढलात. भाकरी कुस्करून भरवलीत. लाळ पदरानं पुसलीत. चुळीचं पाणी त्याच्या पायावर सांडलं तर तुम्ही खाली वाकून पाय कोरडे केलेत. तुमचे केस पिकले आहेत. अजून तिशीही झालेली नाही तुमची.

मी पुढं यायला पाहिजे होतं. आलो नाही.

तळेगावात गोपाळकृष्ण डॉक्टर म्हणून आहेत. लढाईत मेसोपोटेमियात होते, आता लष्करातून निवृत्त होऊन दवाखाना चालवतात. मी त्यांना सगळी लक्षणं सांगितली. ते हसले नाहीत. त्यांनी कपाटातून एक जाड पुस्तक काढलं, बराच वेळ वाचलं, आणि म्हणाले, हा माणूस मला दाखवा. पैसे घेणार नाहीत. ते पुढच्या रविवारी लोणावळ्याला येतील. मी त्यांच्याबरोबर येणार नाही. तुम्ही त्यांना दारातून परत पाठवू नका, एवढं मागतो.

महिपती


परंदवडी
ता. २१ मार्च १९२२

सौभाग्यवती रतनवहिनींस,

तुम्ही डॉक्टरांना आत घेतलंत, चहा दिलात. उपकार झाले.

त्यांनी तुम्हाला काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. मला सांगितलं ते असं. तासभर दादा त्यांच्यासमोर दगडासारखा बसून होता. मग त्यांनी खिशातलं संत्रं काढून काही न बोलता त्याच्याकडे फेकलं. दादानं ते झेललं. एका हातानं. पकडलं आणि पुन्हा तसाच राहिला. डॉक्टर म्हणाले, मढं संत्रं झेलत नाही.

ते म्हणाले, मानमोडीच्याच दिवसांत हा दुसरा एक ताप आला होता, विलायतेतही असे रुग्ण आहेत, कोणी झोपून राहिलं, कोणी असं पुतळ्यासारखं झालं. मेंदूतली एक जागा जळते. हात हलवावा असं आतून वाटतं, पण ते हातापर्यंत पोचत नाही. बाहेरून कोणी सांगितलं तर कधी पोचतं. यावर औषध नाही. एखाद्या दिवशी शब्द फुटेल, एखाद्या दिवशी नाही.

मी विचारलं, त्याला कळतं का काही?

"आत माणूस जागा आहे," डॉक्टर म्हणाले. "सगळं ऐकतो आहे. पहिल्या दिवसापासून."

पहिला दिवस म्हणजे कोणता, मी विचारलं. ते म्हणाले, ताप चढून अंग थंड पडल्यासारखं झालं, तुम्ही लोकांनी त्याला गेला समजून उचललं, तेव्हापासूनच.

त्यानंतर डॉक्टर बरंच बोलले, मला त्यातलं आठवत नाही. त्यांच्या कंपाउंडरनं मला बाकावर बसवलं.

मी चावडीत जाऊन सांगितलं की दादा जिवंत आहे, वेताळ वगैरे नाही, आजार आहे. लोकांनी ऐकून घेतलं. भिमाजी म्हणाला, डॉक्टरचं खरं असंल तर मग त्यानं आपल्या भावाला वळखलं कसं न्हाई? सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उठून आलो.

दादाला खडीवरून काढा. कोंडाजीच्या घरी दर सुगीला धान्य टाकत जाईन, तुम्ही त्याच्याकडून घेतलंत तर ते माझं आहे असं समजायचं कारण नाही. आणखी एक गोष्ट लिहायची आहे. पण ती शाळेतल्या बाईंच्या तोंडून तुमच्या कानावर जाऊ नये.

महिपती


परंदवडी
ता. ९ नोव्हेंबर १९२७

चि. शालूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल आलं. तुमच्या घरातून मला आलेला हा पहिला कागद. अक्षर चांगलं आहे. तू लिहितेस की दिवाळीच्या पाडव्याला आई बाबांना ओवाळत होती, तेव्हा बाबांच्या तोंडून "महिपा" असा शब्द निघाला आणि डोळ्यांतून पाणी आलं. वर्षभरात ते एवढंच बोलले. आणि खाली लिहितेस, "आई विचारते, नदीवर काय झालं ते खरं लिहा."

पोरी, आता पत्र वाचणारी तू आहेस. तू बारा वर्षांची. हे तुझ्या तोंडून तुझ्या आईला ऐकवायला लावतोय, याबद्दल मला क्षमा नाही. वाचताना मध्येच थांबावंसं वाटलं तर थांब, आईला सांग, पुढचं काका येऊन सांगतील. मी येईन.

त्या आश्विनात आपल्या गावात नऊ दिवसांत एकेचाळीस माणसं गेली. तू तीन वर्षांची होतीस. पाऊस नव्हता, खायला नव्हतं, आणि घरोघर ताप. मढी न्यायला धड चालणारे चार गडी उरले होते, त्यांत मी आणि रखमाजी. तुझ्या बाबांना दोन दिवस तापात शुद्ध नव्हती. त्या सकाळी अंग गार लागलं, आरशावर वाफ धरेना. तुझी आई रडली नाही, एवढंच म्हणाली की अजून थोडं थांबा. आम्ही थांबलो नाही. थांबायला वेळ कोणाकडे होता. दारात दुसऱ्या घरचा माणूस बोलवायला उभा होता.

ती आमची त्या दिवसाची सहावी खेप. नदीवर लाकडाचं एक ढलपं उरलं नव्हतं. करंजाखाली पाच मढी ओळीनं ठेवली होती, सावली भरली होती, म्हणून दादाला उन्हात ठेवलं. रखमाजीला स्वतःला हुडहुडी भरली होती, तो लांब जाऊन बसला. बाकीचे दोघे पाण्यात उतरले. दादाच्या अंगावरचं कापड सारखं करायला मी वाकलो. मानेखाली हात घातला. मान गरम होती. मला वाटलं उन्हानं असेल. छातीवर तळवा ठेवला. काही नव्हतं. तसाच ठेवून राहिलो. मग एकदा, अगदी बारीक, छाती वर आली.

रखमाजीनं लांबूनच विचारलं, "काय रं महिपा, जीव हाय व्हय?"

मी म्हणालो, "न्हाई."

आता का म्हणालो ते. लोकांना कळलं तर म्हणतील जमिनीसाठी. जमीन मनात असती तर बरं झालं असतं, मला स्वतःचा राग करता आला असता. तसं काही मनात नव्हतं. मी दमलो होतो. खांदा सोललेला होता. त्याला पुन्हा उचलायचं, पाऊण कोस घरी न्यायचं, तुझ्या आईच्या ताब्यात द्यायचं, आणि उद्या परवा पुन्हा हीच खेप. घरी तुझी काकू बयाबाई तापानं फणफणत पडलेली, तिला पाणी द्यायला कोणी नाही. मला वाटलं, आज नाही तर उद्या जाणारच. एवढंच वाटलं. याच्यापेक्षा मोठं कारण मी नऊ वर्षं शोधतोय, मला सापडलं नाही.

मी हात काढून घेतला आणि कापड त्याच्या तोंडावर ओढलं. ओढताना दादाच्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाण्याची एक रेघ कानाकडे गेली. ती मी पाहिली. पाहून घरी गेलो.

डॉक्टर म्हणतात त्याला सगळं ऐकू येत होतं. म्हणजे माझं उत्तर त्यानं ऐकलं आहे.

आणि तो खळ्यावर आला तेव्हा, शालू, सारा गाव भ्याला होता आणि त्यांचं भय खरं होतं. मला वेताळाचं भय नव्हतं. तो जिवंत आहे हे ठाऊक असलेला त्या गावात मी एकटा होतो. तुझ्या आईनं विचारलं तेव्हा मी व्हय म्हणालो असतो तर पुढं मला नदीवरचं सांगावं लागलं असतं. म्हणून म्हणालो, "माजा दादा नदीवर गेला. ह्यो कोन ते मला ठावं न्हाई." तुझी आई एका हातानं त्याला आणि एका हातानं तुला धरून गेली. तळेगावच्या रस्त्याला लागेपर्यंत लोकांनी लांबून ढेकळं मारली. मी मारली नाहीत. पण थांबवलंही नाही.

एवढंच खरं आहे. बाकी मी यापूर्वी जे लिहिलं त्यात खोटं काही नव्हतं, पण हे नव्हतं.

तुझा काका
महिपती


लोणावळा
ता. १५ फेब्रुवारी १९३१

चि. शालूस अनेक आशीर्वाद.

तू पुण्याला सुखरूप पोचल्याचं कार्ड मिळालं. शिक्षिकेची परीक्षा आहे, आता मन तिथं लाव. बाबा असते तर काही बोलले नसते, पण तू अभ्यास करताना ते तुझ्याकडे तोंड करून बसायचे, हे मी तीन वर्षं पाहिलं आहे.

गाडी सुटताना खिडकीतून तू दोन गोष्टी विचारल्यास. फलाटावर माणसं होती, मला उत्तर देता आलं नाही. आता देतो.

पहिली, मी तुमच्याकडे आलो त्या दिवशी काय झालं. माझ्या त्या पत्राला तू एकाच ओळीचं उत्तर पाठवलं होतंस, "आई म्हणते, या." मी आलो तेव्हा तू शाळेत होतीस. बाबा अंगणात बाजेवर बसले होते. मी त्यांच्यासमोर मातीत बसून तुला लिहिलं होतं ते सगळं तोंडानं सांगितलं. त्यांचे डोळे माझ्यावर होते, पण ते नेहमीच कशावर तरी असत. तुझी आई भांडी घासत होती, थांबली नाही. माझं सांगून संपलं तेव्हा तिनं हात धुतले आणि म्हणाली, "झालं सांगून? मग पाय धरा. त्यांना अंगोळीला न्यायचंय, मला एकटीला उचलत न्हाई आता."

मी पाय धरले. आम्ही दोघांनी त्यांना न्हाणीत नेलं, मी अंग चोळलं, पाठीवर पाणी घातलं. पुन्हा बाजेवर आणून बसवलं. तासाभरानं बाबांचे ओठ हलले. मी कान नेला. ते म्हणाले, "महिपा, लय ऊन." त्या दिवशी अंगणात ऊन होतं, शालू. ते त्याच उन्हाबद्दल बोलले की नदीवरच्या, हे मला कळलं नाही आणि पुन्हा विचारायचा धीर झाला नाही. मी बाज सावलीत ओढली.

त्यानंतर मी गावी गेलो नाही. जमीन वाट्यानं लावली, इथं एका बंगल्यावर राखणदारी धरली, आणि रोज सकाळी बाबांना आंघोळ घातली. तीन वर्षं आणि दोन महिने. बाबा माझ्याशी एकूण सात वेळा बोलले. सगळे साधे शब्द होते, पाणी, कूस, पोरगी कुटं गेली. माझ्यावर राग आहे की नाही ते त्यांतल्या एकाही शब्दात नव्हतं.

ते गेले तो गुरुवार तू पाहिलासच. छातीत कफ झाला आणि दोन दिवसांत गेले. डॉक्टरांनी नाडी पाहून मान हलवली. आई म्हणाली, उद्या दुपारपर्यंत कोणी हात लावायचा नाही. आलेल्या माणसांत चुळबुळ झाली. मी दाराशी बसलो आणि कोणाला आत जाऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर तीच म्हणाली, न्या आता. दिवस घालायच्या वेळी गावाहून आलेल्या गुरुजींनी विचारलं, एकदा याचं सगळं झालेलं आहे, पुन्हा कसं करायचं. तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस. मी सांगितलं की पहिलं खोटं होतं, मी ते केलं होतं. हे चार लोकांत बोलायला मला बारा वर्षं लागली.

दुसरी गोष्ट तू विचारलीस, आईनं तुम्हाला माफ केलं का.

तुझ्या लक्षात आलं असेल किंवा नसेल, या तीन वर्षांत मी तुमच्या घरी कधी जेवलो नाही. मी माझी भाकरी फडक्यात बांधून आणत असे आणि बाहेर पायरीवर खात असे. वहिनी पाण्याचा तांब्या ठेवत. जेव म्हणून त्यांनी कधी म्हटलं नाही आणि मी वाट पाहिली नाही. तेरावा झाला, तुला गाडीत बसवून मी परत आलो. माणसं पांगली. उचलायला आता कोणी नव्हतं, तेव्हा उद्यापासून मी कशाला यायचं, हा विचार करत मी पायरीवर बसलो होतो. आतून हाक आली. वहिनींनी पाट मांडला होता. ताटात पिठलं, भाकरी, भात. मी उभाच राहिलो.

त्या म्हणाल्या, "बसा. माफ मी केलेलं न्हाई, करायचीबी न्हाई. पर जेवा, गार व्हतंय."

मी बसलो आणि जेवलो. मीठ कमी होतं. त्यांनीही माझ्यासमोरच ताट घेतलं. उठताना त्यांनी विचारलं, उद्या किती वाजता येणार, म्हणजे त्या हिशेबानं चूल पेटवायची.

मी आठ म्हणालो.

तुझा काका
महिपती